विश्लेषण : जनसुनावणी झाली, विश्वासाचे काय? वाढवणच्या सावलीत वाणगावचा प्रश्न

वाणगाव स्थानकातून पश्चिमेचा रस्ता धरला की चिंचणी, वरोर, वाढवण ही किनाऱ्याची गावे लागतात. या पट्ट्यात वाडीत मिरची आणि चिकू, समुद्रात पापलेट, घोळ आणि शेवंड, तर घराच्या ओटीवर दागिन्यांसाठीच्या डाय बनवण्याचे काम, अशा तीन-चार धंद्यांवर संसार चालतात. याच गावांसमोरच्या समुद्रात देशातील सर्वात मोठ्या बंदरांपैकी एक उभे राहते आहे. बंदर व्हावे की नाही, याबद्दल दोन मते आहेत आणि दोन्ही बाजूंकडे त्यांची कारणे आहेत. मात्र, सरकार जे सांगते त्यावर भरवसा ठेवायचा का, या प्रश्नावर दोन्ही बाजूंची माणसे सारखीच घुटमळतात. हा भरवसा का आटला आणि लोकसहभागातून तो परत कसा मिळवता येईल, याचा हा आढावा.

प्रकल्प नेमका काय आहे?

वाढवण बंदर हा जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण (७४ टक्के) आणि महाराष्ट्र सागरी मंडळ (२६ टक्के) यांचा संयुक्त प्रकल्प आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये त्याला मंजुरी दिली. खर्च सुमारे ७६,२०० कोटी रुपये. प्रत्येकी एक हजार मीटर लांबीची नऊ कंटेनर टर्मिनल, वर्षाला २९८ दशलक्ष टन मालाची क्षमता आणि त्यासाठी समुद्रात १,४४८ हेक्टर भराव, असा हा आराखडा आहे. बंदराला राष्ट्रीय महामार्गाशी जोडणारा रस्ता आणि मालवाहतुकीच्या समर्पित मार्गिकेशी जोडणारा लोहमार्ग हेही त्याचे भाग आहेत. म्हणजे प्रकल्प समुद्रात असला, तरी त्याच्या वाटा वाणगावच्या बाजूच्या जमिनीवरून जाणार. सुमारे १२ लाख प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष रोजगार मिळतील, असे सरकार सांगते. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते पालघर येथे त्याची पायाभरणी झाली.

मग अविश्वास आला कुठून?

तो एका दिवसात आलेला नाही. या भागाने याआधीही मोठे प्रकल्प पाहिले आहेत. १९६९ मध्ये तारापूरला देशातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. पुढे त्याच केंद्राच्या तिसऱ्या आणि चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावे उठवली गेली आणि पुनर्वसनाचा वाद थेट उच्च न्यायालयात गेला. सूर्या प्रकल्प सिंचनासाठी म्हणून उभा राहिला. नंतर त्यातील पाणी वसई-विरार आणि मीरा-भाईंदरकडे वळवण्याच्या योजना आल्या. शहरांनाही पाणी लागतेच. पण ज्याला कालव्याचे पाणी मिळेल असे सांगितले होते, त्याला ही अट बदलताना कोणी विचारले होते का? मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या भूसंपादनाच्या वेळी, २०१८ मध्ये, पालघर जिल्ह्यातील अनेक ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले. त्या ठरावांचे पुढे काय झाले, हे ठराव करणाऱ्यांना कोणी येऊन सांगितल्याचे गावांना आठवत नाही.

म्हणूनच वाणगाव परिसरात एखादा अधिकारी सभेत उभा राहून ‘कोणाचेही नुकसान होऊ देणार नाही’ असे म्हणतो, तेव्हा लोक त्या वाक्याचा विचार करत नाहीत. ते मागच्या वेळी हेच वाक्य कोण बोलले होते, ते आठवतात. शासन म्हणजे गावाच्या लेखी एकच माणूस असतो. अणुऊर्जा खात्याचे, जलसंपदा खात्याचे आणि बंदर खात्याचे आश्वासन गावकरी वेगवेगळ्या खात्यांत जमा करत नाहीत, ते सगळे एकाच खात्यावर मांडले जाते.

डहाणूत सरकारी यंत्रणेवर विश्वास कधी होता का?

होता, आणि तो कसा निर्माण झाला हे समजून घेण्यासारखे आहे. २० जून १९९१ रोजी केंद्राने अधिसूचना काढून डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. उद्योगांची हिरवी, नारिंगी आणि लाल अशी वर्गवारी झाली, लाल यादीतील उद्योगांना बंदी आली आणि संपूर्ण तालुक्यात उद्योगांसाठी कमाल ५०० एकर जागा ठरली. अंमलबजावणी होत नसल्याची तक्रार सर्वोच्च न्यायालयात गेली. न्यायालयाच्या ३१ ऑक्टोबर १९९६ च्या आदेशानंतर, त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. त्याचे अध्यक्षपद न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्याकडे आले आणि २०१९ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत ते त्यांच्याकडेच राहिले.

या प्राधिकरणाकडे सामान्य माणूस अर्ज घेऊन जाऊ शकत असे. समोर कंपनी असो वा शासनाचे खाते, दोघांना एकाच टेबलापुढे उत्तर द्यावे लागे. वाढवण बंदराचा पहिला प्रस्ताव ‘पी अँड ओ’ या परदेशी कंपनीचा होता. सप्टेंबर १९९८ मध्ये प्राधिकरणाने असे बंदर डहाणूत होऊ शकत नाही, असा निर्णय दिला. पुढच्याच वर्षी डहाणूच्या औष्णिक वीज केंद्राला धुरातील गंधक काढणारी यंत्रणा बसवण्याचा आदेश दिला. ती यंत्रणा प्रत्यक्षात यायला २००७ उजाडले. पण ती आली. बंदर नाकारले गेले, वीज केंद्र मात्र चालू राहिले. म्हणजे प्राधिकरण विकासविरोधी नव्हते. लोकांचा विश्वास बसला तो एका गोष्टीमुळे : इथे ‘नाही’ हे उत्तरही मिळू शकते, आणि ‘हो’ म्हटले तर त्याच्या अटी पाळून घेतल्या जातात.

हा भरवसा कुठे तडकला?

जून २०१५ मध्ये बंदराचा प्रस्ताव पुन्हा आला. जवाहरलाल नेहरू बंदर आणि सागरी मंडळात सामंजस्य करार झाला. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तत्त्वतः मंजुरी दिली. त्याच वर्षी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि पर्यावरण मंत्रालय यांच्या पत्रांद्वारे बंदर हे उद्योगांच्या लाल यादीतून बाहेर काढले गेले. ३१ जुलै २०२३ रोजी पुनर्रचित प्राधिकरणाने अटींसह ना-हरकत दिली. तिला आव्हान देणाऱ्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये फेटाळल्या आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला.

यातील प्रत्येक पायरी कायद्याच्या चौकटीत होती, असे शासन म्हणते आणि उच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला, हेही खरे. परंतु कायदेशीर असणे आणि विश्वासार्ह वाटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९९८ मध्ये ज्या नियमामुळे ‘नाही’ म्हटले गेले, तो नियम २०२० मध्ये बदलला. त्या बदलाआधी डहाणूतील एकाही ग्रामसभेपुढे प्रश्न ठेवला गेला नाही. सामना चालू असताना मैदानाच्या रेषा हलवल्या, असे हरणाऱ्याला वाटले तर त्याला दोष कसा द्यायचा?

जनसुनावणी झाली होती ना?

झाली. १९ जानेवारी २०२४ रोजी, पालघरला. जनसुनावणी ही २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेतील सक्तीची पायरी आहे. तिचे नियम वाचले तर ते कागदावर वाईट नाहीत. किमान ३० दिवस आधी जाहीर नोटीस द्यायची. अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद अशा ठिकाणी वाचायला ठेवायचा आणि त्याचा सारांश स्थानिक भाषेत द्यायचा. सुनावणी प्रकल्पस्थळी किंवा त्याच्या जवळ घ्यायची. जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या दर्जाच्या जवळचा अधिकारी अध्यक्ष असतो. संपूर्ण कामकाजाचे चित्रीकरण होते. त्याच दिवशी इतिवृत्त तयार करून ते उपस्थितांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचे असते.

पण या रचनेत तीन उणिवा आहेत. पहिली वेळेची. सुनावणीपर्यंत प्रकल्पाची जागा, आकार आणि खर्च ठरलेला असतो. वाढवणबाबत तत्त्वतः मंजुरी आणि सुनावणी यांत जवळपास चार वर्षांचे अंतर आहे. ‘हे बंदर हवे का, हवे तर कुठे’ हा प्रश्न विचारण्याची वेळ निघून गेल्यावर ‘हरकती सांगा’ असे म्हटले जाते.

दुसरी उणीव वजनाची. सुनावणीत लोकांनी मांडलेल्या हरकतींची नोंद होते. त्यांचा विचार केला पाहिजे, असेही नियम सांगतो. मात्र एकूण किती लोकांनी काय म्हटले, यावर निर्णय अवलंबून नसतो. गणपूर्तीचीही अट नाही. दहा जण आले काय आणि दहा हजार आले काय, सुनावणी ‘पार पडली’ असेच लिहिले जाते.

तिसरी उणीव उत्तराची. १९ जानेवारीला सुनावणी झाली आणि १६ फेब्रुवारी २०२४ रोजी प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी मिळाली. मधे २८ दिवस. इतक्या दिवसांत हजारो पानांच्या अहवालाची आणि सुनावणीतील हरकतींची तपासणी कशी झाली, हे तज्ज्ञ समितीच्या कागदपत्रांत शोधता येईल. पण वरोरच्या ज्या मच्छीमाराने माइकपुढे आपली डोल कुठे लागते ते सांगितले, त्याच्या दारी त्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या भाषेत पोहोचवण्याची जबाबदारी या नियमांत कोणावरही नाही.

अनुसूचित क्षेत्राचे वेगळे अधिकार काय?

डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके पूर्णतः अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. महाराष्ट्राने त्याचे नियम ४ मार्च २०१४ रोजी केले. या नियमांनुसार पाड्यातील मतदार ठराव करून आपला पाडा स्वतंत्र गाव म्हणून जाहीर करण्याची मागणी करू शकतात. याचा अर्थ, चार-पाच किलोमीटरवरच्या मोठ्या गावाच्या सभेत मागे बसून राहण्याऐवजी आपल्या पाड्याची स्वतःची ग्रामसभा भरवता येते. भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी सल्लामसलत करणे कायद्याने बंधनकारक आहे.

या कायद्याची ताकद देशाने ओडिशातील नियामगिरीत पाहिली. १८ एप्रिल २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तिथल्या १२ ग्रामसभांपुढे बॉक्साइट खाणीचा प्रश्न ठेवला गेला. बाराही सभांनी नकार दिला आणि केंद्राने तो मान्य केला. समुद्राबाबत मात्र पेसा थांबतो. शेतकऱ्याकडे सातबारा असतो, वनहक्काचा दावा असतो. समुद्राचा सातबारा नसतो. पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी कव मारणाऱ्या कुटुंबाकडे ती जागा आपली आहे, असे सांगणारा एकही सरकारी कागद नाही. वाढवणच्या वादात सर्वाधिक नुकसान होण्याची भीती ज्यांना आहे, त्यांच्याच हाती सर्वात कमी कागद आहेत. विश्वासाचा प्रश्न इथे भावनेचा राहत नाही, चुलीचा होतो.

लोकांना विचारत बसले तर प्रकल्प रखडतील?

हा युक्तिवाद नेहमी होतो आणि तो उडवून लावता येणार नाही. देशाला खोल पाण्याची बंदरे लागतात. वाणगाव-बोईसर परिसरातील शिकलेल्या तरुणांना घराजवळ नोकरी हवी आहे. पण वाढवणचाच हिशेब पाहावा. पहिला प्रस्ताव नाकारला गेला १९९८ मध्ये, पायाभरणी झाली २०२४ मध्ये. या २६ वर्षांत मोर्चे निघाले, बंद पाळले गेले, ‘एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द’ ही घोषणा मुंबईच्या कोळीवाड्यांपर्यंत पोहोचली आणि याचिकांवर याचिका झाल्या. आधी न विचारल्यामुळे वेळ वाचला, असे हा हिशेब सांगत नाही.

फ्रान्सने याबाबत एक वेगळी वाट धरली. १९९५ च्या कायद्याने तिथे सार्वजनिक चर्चेसाठी राष्ट्रीय आयोग नेमला गेला. मोठ्या प्रकल्पाचा आराखडा पक्का होण्यापूर्वी हा आयोग लोकांमध्ये खुली चर्चा घडवतो आणि ‘प्रकल्प करावाच का’ हा प्रश्नही त्या चर्चेत विचारता येतो. आयोग स्वतः निर्णय देत नाही. मात्र चर्चेचा अहवाल आल्यानंतर तीन महिन्यांत, आपण प्रकल्प पुढे नेणार का आणि त्यात काय बदलणार, हे प्रकल्पकर्त्याला जाहीर करावे लागते. या आयोगाच्या अगदी सुरुवातीच्या चर्चांपैकी एक ल हाव्रच्या बंदर विस्ताराची होती. बंदर झाले, पण लोकांना आधी विचारून झाले. प्रश्न वेळेचा कमी आणि क्रमाचा अधिक आहे.

लोकसहभागालाही दोष नाहीत का?

आहेत, आणि ते झाकून विश्वास वाढणार नाही. अनेक ग्रामसभा नोंदवहीतच भरतात. सह्या घरोघरी फिरून घेतल्या जातात. बाया मागे बसतात आणि त्यांना बोलायची वेळ येईपर्यंत सभा संपते. स्थलांतर करून वीटभट्टीवर गेलेली आदिवासी कुटुंबे तर अर्धे वर्ष कोणत्याच सभेत नसतात. कधी विरोधकच सभा उधळतात आणि बाजूने बोलू पाहणाऱ्याला ‘विकला गेला’ म्हणून गप्प बसवतात. ज्या सभेत वेगळे मत मांडता येत नाही, तिथे लोकांची संख्या कितीही असली तरी सहभाग नसतो. सरकारकडून ऐकून घेण्याची अपेक्षा करणाऱ्या गावाने आपल्यातल्या वेगळ्या आवाजालाही तेवढीच जागा दिली पाहिजे.

आता काय करता येईल?

बंदराचा वाद न्यायालयात जो निकाल लागायचा तो लागेल. पण काम सुरू झाले म्हणून सहभागाची वेळ संपली, हे मानणे सर्वात घातक ठरेल. मंजुरीबरोबर अटी असतात आणि त्या पाळल्या जातात की नाही, हे पाहण्याचे काम पुढची अनेक वर्षे चालणार आहे. त्यासाठी नवा कायदाही लागत नाही.

२००६ च्या अधिसूचनेनुसार प्रकल्पकर्त्याला दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, अटींच्या पालनाचा अहवाल द्यावा लागतो आणि तो सार्वजनिक दस्तऐवज असतो. राज्याच्या कायद्यानुसार ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा भरवावी लागते आणि त्यातील दोन बहुतेक गावांत १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या सुमारास होतात. जूनचा अहवाल ऑगस्टच्या आणि डिसेंबरचा जानेवारीच्या ग्रामसभेपुढे मराठीत वाचून दाखवावा, प्रकल्पाच्या अधिकाऱ्याने तिथे हजर राहावे आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे पुढच्या सभेपूर्वी लेखी द्यावीत. जिल्हाधिकाऱ्यांचे एक परिपत्रक या कामाला पुरेसे आहे.

दुसरे, जनसुनावणीत आलेल्या प्रत्येक हरकतीला क्रमांक देऊन तिच्यापुढे तीनच रकाने असावेत : मान्य, अमान्य, अंशतः मान्य, आणि त्याचे कारण. ही यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावी. अमान्य झालेली हरकतही लोक स्वीकारू शकतात. न वाचलेली हरकत कोणी स्वीकारत नाही.

तिसरे, मासेमारीची मोजदाद. मच्छीमार सहकारी संस्थांकडे डिझेलच्या आणि मासळीच्या नोंदी असतात. आजच्या उत्पन्नाची नोंद काम वाढण्याआधी संस्था आणि शासन यांनी मिळून, दोघांच्या सहीने करावी. उद्या नुकसानीचा वाद झाला, तर दोघांपुढे एकच आकडा असेल. ज्या बाया टोपली घेऊन बाजारात बसतात आणि जे तांडेलाकडे खलाशी म्हणून जातात, त्यांचीही नावे या नोंदीत हवीत. एरवी भरपाई बोटीच्या मालकापाशी थांबते.

चौथे, रोजगाराच्या आश्वासनाचा हिशेब. १२ लाखांपैकी डहाणू, तलासरी आणि पालघरच्या वाट्याला कोणत्या प्रकारच्या, किती नोकऱ्या, कोणत्या वर्षी आणि कोणत्या शिक्षणावर, हे तालुकावार जाहीर व्हावे आणि दरवर्षी तपासले जावे. मनरेगाच्या कायद्यात ग्रामसभेने सामाजिक अंकेक्षण करण्याची तरतूद केलेली होतीच. शेततळ्याचा हिशेब गाव तपासू शकते, तर बंदराने दिलेल्या शब्दाचा का नाही?

आणि शेवटचे, डहाणूच्या प्राधिकरणाचे काम लोकांना दिसेल असे चालले पाहिजे. त्याच्या बैठका अधूनमधून वाणगाव, चिंचणी, डहाणू येथे भराव्यात, तिथे अर्ज घेतले जावेत आणि अटी मोडल्या तर आदेशही तिथेच सुनावले जावेत.

सहभाग म्हणजे लोकांना बोलू देणे, अशी समजूत प्रशासनात खोल रुजली आहे. बोलू तर १९ जानेवारीलाही दिले होते. १९९८ मध्ये डहाणूच्या लोकांनी शासनाच्याच एका यंत्रणेवर विश्वास ठेवला, कारण त्यांच्या बोलण्याने काहीतरी बदलू शकत होते. तसे पुन्हा एकदा, एखाद्या लहान गोष्टीत का होईना, घडले पाहिजे. रस्त्याची आखणी मिरचीच्या वाड्या वाचवून थोडी सरकली, मासळीच्या नोंदीवर दोन्ही सह्या झाल्या, सहामाही अहवालातील एक चूक ग्रामसभेने दाखवली आणि ती दुरुस्त झाली, तर ती बातमी वाणगावच्या बाजारात पायाभरणीच्या भाषणापेक्षा लांब जाईल.